एन्रॉनच्या ईमेलमध्ये बदल नेमका कधी झाला?

एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. गुहागर तालुक्यातला वीजप्रकल्प, दाभोळ पॉवर कंपनी, १९९५ साली युती सरकारनं रद्द केलेला करार, पुढच्याच वर्षी नव्या अटींवर झालेला करार आणि राज्य वीज मंडळाला न झेपणारी बिलं. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हे सगळं पाठ असेल. याच कंपनीमुळे, माणसांच्या आपसातल्या संपर्कात बदल कधी झाला ते शोधणाऱ्या संख्याशास्त्राच्या एका शाखेला एक अनमोल साठा मिळाला, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

ह्यूस्टनमध्ये मुख्यालय असलेली एन्रॉन २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांतल्या वीजबाजारात गैरप्रकार झाले का, याची चौकशी तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे होती. चौकशीत आयोगानं कंपनीतल्या सुमारे दीडशे जणांच्या मेलपेट्या ताब्यात घेतल्या आणि २००३ मध्ये त्या लोकांसाठी खुल्या केल्या. त्यात वरिष्ठ अधिकारीच जास्त. साफसफाई होऊन संशोधकांच्या हाती आले ते पाच लाखांच्या आसपास मेल. एखाद्या मोठ्या कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार, तोही ती कोसळत असतानाच्या काळातला, एवढ्या प्रमाणात उघड झाल्याचं दुसरं उदाहरण तेव्हा नव्हतं.

मेलमधला मजकूर क्षणभर बाजूला ठेवू. कुणी, कुणाला, कधी पाठवला एवढंच बघू. प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू. एखाद्या आठवड्यात एकानं दुसऱ्याला निदान एक मेल पाठवला, तर त्या दोन बिंदूंमध्ये एक बाण, म्हणजेच दुवा, काढायचा. आठवडा संपला की चित्र पूर्ण. पुढच्या आठवड्याला नवा कागद. हे बिंदू आणि बाण मिळून जे तयार होतं त्याला नेटवर्क किंवा साध्या मराठीत जाळं म्हणतात. १९९८ ते २००२ या काळातले १८९ आठवडे आणि १८४ मेलपत्ते घेतले, तर आपल्यासमोर १८९ जाळ्यांची एक रांग उभी राहते. (पत्ते माणसांपेक्षा थोडे जास्त आहेत, पण सोयीसाठी एक पत्ता म्हणजे एक माणूस मानू.)

आता खरा प्रश्न. या रांगेत असा एखादा आठवडा आहे का, की ज्याच्यानंतर जाळ्याची घडणच बदलली?

प्रश्न सोपा वाटतो, कारण चित्रं तर दर आठवड्याला बदलतातच. कुणी रजेवर असतो, कुणाचा प्रकल्प संपतो, कुणी नवीन येतो. दोन आठवड्यांची जाळी तंतोतंत सारखी निघणं जवळपास अशक्य. म्हणून ‘फरक आहे का?’ हे विचारण्यात अर्थ नाही, तो असतोच. विचारायचं असतं ते असं: समोर दिसणारा फरक नेहमीच्या चढउतारात बसतो का? बसत नसेल, तर चित्रं ज्या नियमानं तयार होत होती तो नियमच बदलला, असं म्हणायला आधार मिळतो. म्हणजे बदल ओळखण्याआधी ‘नेहमीचं’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. या विषयातली बहुतेक मेहनत आणि बहुतेक भांडणं याच एका गोष्टीवरून आहेत.

सर्वांत जुना मार्ग कारखान्यातून आला. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी उत्पादनाच्या दर्जावर नजर ठेवण्यासाठी नियंत्रण आलेख मांडला. रोज एक आकडा मोजायचा, मधोमध सरासरीची रेघ, तिच्या वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांवर दोन रेघा. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर भटकतात त्याचं माप. आकडा बाहेरच्या रेघेपलीकडे गेला की थांबून बघायचं. जाळ्यांसाठीही हे करता येतं. दर आठवड्याच्या चित्राचं एका आकड्यात रूपांतर करायचं (एकूण बाण किती, सर्वाधिक दुवे असलेल्या माणसाकडे किती दुवे, वगैरे) आणि तो आलेखावर टाकायचा.

यातली अडचण अशी, की अचानक आलेली मोठी उसळी यात पकडली जाते, पण हळूहळू सरकलेला आकडा निसटतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये त्यावर तोड काढली. ती आज क्युसम या नावानं ओळखली जाते. त्यात प्रत्येक आकडा सुटा न बघता सरासरीपेक्षा जास्त निघालेला भाग साठवत जायचं.

प्रत्यक्ष करूनच बघू. समजा एखाद्या विभागात दर आठवड्याला सरासरी १० दुवे असतात आणि प्रमाण विचलन २ आहे. पुढच्या सात आठवड्यांचे आकडे असे आले: ११, १२, १२, १३, १२, १३, १३. श्यूहार्टची वरची रेघ १६ वर आहे, त्यामुळे तो आलेख सातही आठवडे गप्प बसेल. आता पेज यांच्या पद्धतीनं प्रत्येक आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं वर आहे ते काढू: ०.५, १, १, १.५, १, १.५, १.५. एवढं तेवढं तर होतच असतं, म्हणून प्रत्येकातून अर्धा वजा करायचा. उरलेलं साठवत गेलो, की बेरीज होते ०, ०.५, १, २, २.५, ३.५ आणि ४.५. इशाऱ्याचा उंबरठा ४ वर ठेवला असेल, तर सातव्या आठवड्याला घंटा वाजते. साठा कधी शून्याखाली गेला तर तो परत शून्यावर आणतात, नाहीतर जुने शांत आठवडे नव्या बदलाला झाकून टाकतील. एकही आठवडा एकट्यानं संशयास्पद नाही, तरी सगळे मिळून काहीतरी सांगतायत. ही कल्पना सत्तर वर्षांनंतरही मला तितकीच देखणी वाटते. इयन मकलो आणि कॅथलीन कार्ली यांनी माणसांच्या जाळ्यांवर हीच पद्धत चालवून दाखवली आहे.

तरीही एक मोठी उणीव राहतेच, कारण जाळ्याचा एक आकडा केला की जाळं हरवतं.

समजा एका कार्यालयात २० माणसं आहेत, दहा-दहाचे दोन विभाग. एकाच विभागातल्या दोघांच्या जोड्या होतात ९० (प्रत्येकी ४५) आणि एक या विभागातला, एक त्या विभागातला अशा जोड्या होतात १००. आधीच्या काळात विभागांतर्गत ३६ जोड्यांमध्ये संपर्क होता आणि विभागांच्या आरपार १० जोड्यांमध्ये. एकूण ४६ दुवे. नंतरच्या काळात विभागांतर्गत २२ आणि आरपार २४. एकूण परत ४६. एकूण दुवे तेवढेच, माणशी सरासरी दुवेही तेवढेच, ४.६. एकूण दुव्यांचा आलेख ठेवणाऱ्याला काहीही झालेलं दिसणार नाही. प्रत्यक्षात दोन विभागांमधली भिंत पडली आहे. आधी आपल्या विभागातल्या माणसाशी संपर्क असण्याची शक्यता ४० टक्के आणि पलीकडच्याशी १० टक्के होती, आता दोन्हीकडे साधारण २४ टक्के आहे.

हे पकडायचं, तर कोणता गट कोणत्या गटाशी किती बोलतो याचा तक्ता ठेवावा लागतो. पॉल हॉलंड, कॅथरिन लॅस्की आणि सॅम्युअल लेनहार्ट यांनी १९८३ मध्ये मांडलेलं प्रतिमान (मॉडेल) हेच करतं. त्यात माणसं गटांत वाटलेली असतात आणि दोघांमध्ये दुवा असण्याची शक्यता ते कोणत्या गटांतले आहेत यावर ठरते. एकदा हा तक्ता हातात आला की बदलाचा प्रश्न नीट विचारता येतो. जुना नियम चालू असता, तर १०० आरपार जोड्यांत सरासरी १० दुवे दिसले असते आणि प्रमाण विचलन आलं असतं ३. आपल्याला दिसले २४. म्हणजे नेहमीच्यापेक्षा साडेचार प्रमाण विचलनांहूनही वर. जुन्या नियमातून असं घडणं फार दुर्मीळ. मग दोन दावे समोरासमोर ठेवायचे: ‘सगळ्या आठवड्यांना एकच तक्ता लागू आहे’ आणि ‘अमुक आठवड्यापर्यंत एक, तिथून पुढे दुसरा’. हातात असलेली माहिती कोणत्या दाव्याखाली जास्त संभवते ते मोजायचं. दुसऱ्या दाव्याला जुळवून घ्यायला जास्त मोकळीक असते, त्यामुळे तो नेहमीच थोडा सरस ठरतो. या फुकटच्या फायद्याची वजावट केल्यावरही तो पुढे असेल, तरच बदल मान्य करायचा.

लेटो पील आणि ॲरन क्लॉसेट यांनी २०१५ मध्ये याच धर्तीची पद्धत मांडली. त्यांच्या प्रतिमानात गटांच्या आत उपगट, त्यांच्या आत आणखी उपगट असा वंशवृक्षासारखा तक्ता असतो. त्यांनी ती एन्रॉनच्या मेलवरही चालवली आणि सापडलेले बदलाचे आठवडे कंपनीतल्या ज्ञात घडामोडींशी ताडून पाहिले. या पद्धतीचा मला आवडणारा गुण म्हणजे बदल झाला, कधी झाला आणि कोणत्या प्रकारचा झाला हे तिन्ही ती सांगू बघते. दोन गट एक झाले, की एका गटाचे दोन तुकडे झाले, हे तक्त्यातून वाचता येतं.

पण सगळेच बदल अख्ख्या कंपनीभर होत नाहीत. कधी १८४ माणसांपैकी आठ-दहा जणच अचानक एकमेकांशी जास्त बोलायला लागतात. अख्ख्या जाळ्याच्या तक्त्यात हा बदल बुडून जातो. कॅरी प्रीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एन्रॉनवर वापरलेली स्कॅन पद्धत इथे उपयोगी पडते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात तीच सगळ्यात सहज समजणारी आहे.

एक माणूस घ्या. या आठवड्यात त्यानं किती जणांना मेल पाठवले ते मोजा. ही झाली शून्य पातळी. मग तो आणि त्यानं ज्यांना मेल पाठवले ते, एवढ्याच माणसांचा एक शेजार मानून त्यांच्यात आपसात किती बाण आहेत ते मोजा. ही पहिली पातळी. शेजाऱ्यांनी ज्यांना मेल पाठवले त्यांनाही घेऊन परत मोजा, ही दुसरी. असं सगळ्या १८४ जणांसाठी करायचं. आता विभागप्रमुखाचा शेजार मुळातच गजबजलेला असणार आणि कोपऱ्यातल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा शांत, म्हणून दोघांची थेट तुलना करायची नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या २० आठवड्यांशी. त्यातून प्रत्येकाला या आठवड्याचा एक गुण मिळतो आणि १८४ गुणांतला सर्वांत मोठा तेवढा उचलायचा. हा सर्वांत मोठा गुणसुद्धा दर आठवड्याला थोडा वरखाली होतोच, म्हणून त्याचीही त्याच्या मागच्या २० आठवड्यांशी तुलना करायची. एवढी चाळणी लावून तो पाच प्रमाण विचलनांपलीकडे गेला, तरच इशारा.

एवढी कडक चाळणी कशाला, हे आकड्यांतून कळतं. समजा आपण प्रत्येक माणसावर वेगळी नजर ठेवली आणि उंबरठा तीन प्रमाण विचलनांवर ठेवला. आकडे घंटाकृती वक्राप्रमाणे वागत असतील (बहुतेक सरासरीजवळ, टोकाचे फारच थोडे), तर काहीही झालेलं नसताना एका माणसानं एका आठवड्यात ही वरची रेघ ओलांडण्याची शक्यता ०.१३५ टक्के. नगण्य वाटते. पण १८४ जणांवर नजर असेल, तर दर चार आठवड्यांना सरासरी एक खोटा इशारा येतो, म्हणजे वर्षाला तेराच्या आसपास. असे तेरा खोटे इशारे आले की चौदाव्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही. त्यातून मेलची संख्या घंटाकृती वक्राला फारशी जुमानत नाही. बहुतेक आठवडे शांत आणि मध्येच प्रचंड उसळी, असा तिचा स्वभाव. त्यामुळे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्तच निघतं. म्हणून अनेक संशोधक वक्रावर विसंबत नाहीत. जुन्या नियमानुसार संगणकावर हजारो बनावट जाळी तयार करायची आणि खरं जाळं त्यांच्यात कुठे बसतं ते बघायचं, हा मार्ग जास्त भरवशाचा.

प्रीब यांच्या चमूला १३२ व्या आठवड्यात, म्हणजे मे २००१ मध्ये इशारा मिळाला. तो दुसऱ्या पातळीवर मिळाला, हे महत्त्वाचं. शून्य आणि पहिल्या पातळीच्या मोजणीत तो आठवडा वेगळा दिसत नव्हता. म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं वागणं बदललं नव्हतं, त्याच्याशी जोडलेल्यांच्या जोडलेल्यांमध्ये कुजबुज वाढली होती. एकेका माणसाचे मेल मोजत बसलेल्या कुणालाही हे दिसलं नसतं.

आता मे २००१ म्हटल्यावर मराठी माणसाचं लक्ष लगेच दाभोळकडे जाणार. त्याच महिन्यात दाभोळ कंपनीनं करार संपवण्याची प्राथमिक नोटीस दिली होती आणि महिनाअखेरीस वीज मंडळानं तिथली वीज घेणं थांबवलं. पण कॅलिफोर्नियातलं वीजसंकटही तेव्हा चालूच होतं. जेफ्री स्किलिंग यांना मुख्य कार्यकारी अधिकारी होऊन तीनच महिने झाले होते आणि १४ ऑगस्टला ते राजीनामा देणार होते. यातलं कोणतं कारण त्या कुजबुजीमागे होतं, की यातलं एकही नव्हतं, हे पद्धत सांगू शकत नाही. तिच्याकडे फक्त बाण आहेत. वर्तमानपत्रांतल्या घडामोडींची यादी शेजारी ठेवली, तर एवढ्या घडामोडींच्या वर्षात कुठल्याही आठवड्याजवळ काही ना काही सापडतंच. म्हणून ‘आमच्या पद्धतीला सापडलेला आठवडा अमुक घटनेशी जुळतो’ एवढ्यावर समाधान मानणारे निबंध मला कच्चे वाटतात. घटनांची यादी आधी पक्की करायला हवी आणि यादृच्छिक आठवडे उचलले असते तर किती जुळले असते, तोही हिशेब द्यायला हवा. इशाऱ्याचं काम कुठे बघायचं ते दाखवणं. पुढे मेल उघडून वाचावे लागतात.

‘नेहमीचं’ ठरवताना कॅलेंडरही आडवं येतं. नाताळच्या आठवड्यात मेल कमी होणार, हा घडणीतला बदल नव्हे. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या कोकण रेल्वेच्या गर्दीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच दिवसाशी करायची असते, आदल्या महिन्यातल्या मंगळवाराशी नाही, तसंच इथे. चित्र दिवसाचं काढायचं, आठवड्याचं की महिन्याचं, हाही निर्णयच आहे. दिवसाचं काढलं तर जाळं इतकं विरळ होतं की गट दिसत नाहीत आणि शनिवार-रविवार खड्डे पडतात. महिन्याचं काढलं तर पंधरवड्यात येऊन गेलेला बदल सरासरीत विरघळतो. आठवडा हा बऱ्यापैकी मधला मार्ग आहे, पण बँकेतल्या व्यवहारांच्या जाळ्यात फसवणूक शोधायची असेल, तर आठवडा फार उशिराचा. शिवाय साठा अपुरा असतो. एन्रॉनमध्ये मेलपेट्या दीडशे जणांच्याच आहेत. या लोकांनी फोनवर किंवा समोरासमोर काय बोलणं केलं ते यात नाही. मेलवर बोलणं धोक्याचं झालंय, असं वाटून काही जण फोनकडे वळले असतील, तर जाळ्यात ती शांतता म्हणून दिसेल. त्यामुळे फक्त वाढीवर नजर ठेवणारी पद्धत अपुरी. घटीसाठीही क्युसमसारखी वेगळी बेरीज चालवावी लागते.

आपण मागे वळून बघतोय की चालू काळावर पहारा ठेवतोय, यावरही हत्यार बदलतं. अख्खी रांग हातात असेल, तर जिथे कापल्यावर दोन्ही बाजूंमधला फरक सर्वांत जास्त निघतो तिथे कापायचं, मग प्रत्येक तुकड्यात तेच परत करायचं आणि फरक नेहमीच्या चढउताराइतका उरला की थांबायचं. पहारा ठेवायचा असेल, तर पुढचे आठवडे हातात नसतात. लवकर इशारा हवा असेल तर खोटे इशारे सोसावे लागतात, ते नको असतील तर उशीर सोसावा लागतो. दोन्ही एकदम कमी करायचे, तर जास्त किंवा चांगली माहितीच लागते.

आणि एक कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. मागच्या २० आठवड्यांशी तुलना करणारी पद्धत अचानक बदलाला तीक्ष्ण असते. पण समजा दोन विभागांमधली भिंत दीड वर्षात, दर आठवड्याला एकेक वीट अशी पडली. मग तुलनेसाठी घेतलेले २० आठवडेही सोबतच सरकत राहतात, प्रत्येक आठवडा मागच्यांसारखाच दिसतो आणि इशारा कधीच येत नाही. तुलनेचा काळ सुरुवातीलाच बांधून ठेवला, तर हे सरकणं दिसतं, पण मग कंपनीची साधी वाढसुद्धा बदल म्हणून मोजली जाते. यावर एक तोड म्हणजे दोन्ही पहारे शेजारी-शेजारी चालवायचे, एक सरकता आणि एक स्थिर, आणि स्थिर पहाऱ्यातून एकूण मेलसंख्येची वाढ आधी वजा करून घ्यायची. ती वजावट किती करायची, हे अजून माणूसच ठरवतो.